होडी सोडली

माझे नाव, पूर्ण पत्ता व फोन नंबर सोबतच्या कागदावर लिहून दिला आहे. वय एकोणसाठ वर्षे. व्यवसाय: कंत्राटी नोकरी, नौदलाच्या जुन्या दफ्तरखान्यात जहाजांची लॉगबुके वाचून संगणकावर उतरवून काढणे. राहणार दफ्तरखान्याच्या मागच्या गल्लीत, बहिणीसोबत.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी दफ्तरखान्याच्या प्रदर्शनात काच फुटली तेव्हा मी तिथेच उभी होते. काच मुद्दाम फोडली अशी तक्रार आमच्या मोठ्या साहेबांनी दिली आहे. मला दफ्तरखान्याच्या बाजूची साक्षीदार म्हणून आणलं आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांना मी आधीच विनंती केली की माझ्या तोंडचे शब्द आहेत तसे घ्या, उगाच 'सदर' आणि 'उपरोक्त' घालू नका. ते म्हणाले, बाई, एक-दोन तरी घालू द्या, नाहीतर वरचे म्हणतात हा जबाब नाही, गप्पा आहेत. तेवढ्याला माझी हरकत नाही.

सदर दफ्तरखान्यात युद्धातल्या जहाजांची लॉगबुकं आहेत. लॉगबुक म्हणजे जहाजाची रोजची वही. वारा कुठला, वेग किती, दिशा कोणती, काय दिसलं, एवढंच त्यात असतं. बरीच वर्षं ती कुलपात होती, आता सगळ्यांसाठी खुली झाली आहेत. एक पान दोघांनी वेगवेगळं उतरवायचं अशी आमची पद्धत आहे. माझे जोडीदार निवृत्त भूगोलाचे मास्तर आहेत. ते त्यांच्या टेबलावर, मी माझ्या, मधे कपाट. एकमेकांना विचारायचं नाही. नंतर दोन्ही नकला ताडून बघायच्या आणि फरक आला तर पुन्हा मूळ पान काढायचं. नियम एकच, जसं आहे तसं. वहीत 'वारा'च्या जागी 'वरा' लिहिलं असेल तर आम्हीही 'वरा'च लिहायचं. मास्तरांचा जन्म पोरांच्या चुका सुधारण्यात गेला, त्यांचा हात सुरुवातीला नुसता शिवशिवायचा. मी म्हणायचे, मास्तर, मेलेल्यांना मार्क देऊ नका.

ज्या वहीवरून हा सगळा प्रकार झाला ती एका लहान लढाऊ जहाजाची आहे. लढाईत आपल्या ताफ्यातलं दुसरं एक जहाज बुडालं आणि त्यावरची माणसं पाण्यात पडली. हे लहान जहाज तेव्हा जवळ होतं. रोज वही लिहिणारा अधिकारी जखमी झाला होता, म्हणून त्या सकाळची नोंद कप्तानांनी स्वतः केली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नोंद अशी आहे: 'होडी सोडली. पुढे निघालो.' त्याखाली थेट दुसऱ्या दिवसाचं हवामान.

हवालदारांनी विचारलं, मग यात घोडं कुठं अडलं? ते असं. जहाजावर होडी सोडतात म्हणजे दोरांनी खाली पाण्यात उतरवतात. तसं धरलं तर कप्तानांनी बुडणाऱ्यांसाठी आपली होडी उतरवली आणि मग जहाज तोफांच्या माऱ्यातून बाहेर काढलं. दुसऱ्या अर्थानं, वाचलेल्या माणसांनी भरलेली होडी समोर होती, ती तिथंच सोडली आणि निघून गेले. याच वहीत कप्तानांनी 'नांगर सोडला' असं लिहिलंय, तिथं सोडला म्हणजे पाण्यात टाकला. 'बंदर सोडलं' असंही लिहिलंय, तिथं सोडलं म्हणजे मागं टाकलं. दोन्ही शब्द त्यांचेच, एकाच शाईतले. माझी आणि मास्तरांची नक्कल ताडली तेव्हा 'होडी सोडली' तंतोतंत जुळलं, पण ताडण्यात अक्षरं जुळतात, अर्थ जुळत नाही. मास्तर म्हणाले उतरवली. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही भले माणूस आहात म्हणून तुम्हाला तसं दिसतं.

हवालदार हुशार आहेत. त्यांनी विचारलं, जहाज परत आल्यावर होड्या मोजल्या नाहीत का, एक कमी आहे का बघायला? मोजायला काही उरलं नव्हतं. जहाजाला इतका मार बसला होता की त्याच्यावर एकही होडी शाबूत नव्हती. पाण्यातलं कुणी परत आलं नाही. आणि जहाजावरच्या खलाशांनी नंतर दोन्ही सांगितलं, ज्याला जसं आठवलं तसं.

ज्यांच्यावर तक्रार आहे त्या म्हणजे या कप्तानांची मुलगी. वयानं ऐंशीच्या पुढं. दफ्तरखान्यात सगळे त्यांना आजी म्हणतात. मी स्वतः दोन नातवंडांची आजी असून मीही आजीच म्हणते. दफ्तर खुलं झाल्याचं वाचून त्या गेल्या वर्षापासून खिडकीवर येत होत्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "माझ्या बाबांची वही आहे तुमच्याकडं, ती वाचायला आलेय." वही नाजूक, कुणाच्या हातात देत नाहीत. मी नाही म्हटलं. त्या चिडल्या नाहीत, पुढच्या महिन्यात परत आल्या. एकदा चष्मा विसरून आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, बरं झालं, आज नाही म्हणालीस तरी चालेल.

आजींनी मला जे सांगितलं ते असं. कप्तान लढाईतून परत आले तेव्हा आजी शाळेत होत्या. बुडालेल्या जहाजावरच्या माणसांची घरं त्याच वस्तीत होती. त्या घरांतल्या मुली आजींच्या बाकावर बसेनात. दुकानात आजींची आई रांगेत उभी राहिली की पुढच्या बाया मागं वळून बघायच्या आणि परत पुढं बघायच्या, बोलायचं काही नाही. कप्तानांनी नोकरी सोडली आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. आजींनी मोठेपणी एकदाच विचारलं, बाबा, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? कप्तानांनी डोळ्यावरचं भिंग न काढता सांगितलं, "वहीत लिहिलंय." नंतर तो विषय घरात निघाला नाही. हवालदार म्हणाले, हे तक्रारीशी संबंधित नाही. मी म्हटलं, हेच संबंधित आहे, लिहा. त्यांनी लिहिलं.

प्रदर्शन ठरलं तेव्हा मी आजींना फोन करून सांगितलं की त्या सकाळचं पान काचेखाली उघडं ठेवणार आहेत. शेजारी वाचता येईल असा बोर्ड लागेल आणि त्यावर जसं लिहिलंय तसंच असेल. हा माझा शब्द. मी कुणाला विचारून दिला नव्हता.

बोर्ड छापण्याआधी मजकूर माझ्याकडं तपासायला आला. त्यात होतं, 'कप्तानांनी होडी सोडून दिली व ते पुढे निघून गेले.' मी लाल शाईनं खूण करून कागद साहेबांकडं नेला. साहेब म्हणाले, "अहो बाई, नुसतं 'होडी सोडली' वाचून लोकांना काय कळणार? मी फक्त सोपं केलंय. अर्थ तोच आहे." मी म्हटलं, साहेब, अर्थ तोच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी हसून कागद ठेवून घेतला. ते वाईट माणूस नाहीत, माझं कंत्राट दोनदा त्यांनीच वाढवून दिलं. पण याला मराठीत ध चा मा करणं म्हणतात, मग तो हसत केलेला का असेना. बोर्ड तसाच छापून, वर काच लावून आला. तो आल्यावर मी आजींना फोन करायला हवा होता. केला नाही, कारण काय सांगायचं ते मला सुचलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, हेही लिहावं.

आज प्रदर्शन उघडलं. दालनात बऱ्यापैकी गर्दी होती. आजी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, सोबत कुणी नव्हतं, फक्त हातात काठी. त्यांनी आधी वही बघितली. ते अक्षर त्यांना लागलं नाही. मग त्या बोर्डाकडं वळल्या आणि एकेका शब्दावर बोट धरून वाचू लागल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. 'सोडून दिली' वर त्यांचं बोट थांबलं. मागून एक माणूस आपल्या बायकोला म्हणाला, म्हणजे पळून गेला की. आजी त्याच्याकडं वळल्या नाहीत. बोर्डावर हातातली काठी मारली (येथे एक शब्द खोडला आहे, खाली पाहावे) आणि बोर्डावरची काच फुटली. वहीला आणि माणसांना काही इजा झाली नाही.

रखवालदारानं आजींचा दंड धरला. मी त्याला सोड म्हटलं, त्यानं सोडला. आजींनी मला विचारलं, "तू वाचलंयस ना? असंच लिहिलंय?" मी नाही म्हटलं. "मग काय लिहिलंय?" मी काचेच्या पेटीवरून बोट फिरवत त्यांना शब्द वाचून दाखवले. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, "उतरवली, की टाकून गेले?" सगळे ऐकत होते. उतरवली म्हणायला माझं काय जात होतं? जीभ वळतही होती. पण मी म्हटलं, आजी, यावरून सांगता येत नाही. आजी परत पानाकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मग तेवढंच लावा ना. त्यांना जेवढं लिहवलं तेवढंच लावा." साहेब तेव्हा पोलिसांना फोन करत होते.

त्यानंतर आम्ही सगळे ठाण्यात आलो. साहेब हवालदारांच्या टेबलासमोर खुर्चीवर बसले, आजी भिंतीकडच्या बाकावर. त्यांना पाणी दिलं, ते त्या प्यायल्या.

खोडलेल्या शब्दाबद्दल. काच कशी फुटली असं हवालदारांनी विचारलं तेव्हा मी आधी सांगितलं होतं की बोर्डावर हातातली काठी सुटली. हवालदारांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मुकाट्यानं तसं लिहिलं. सुटली म्हणजे अपघात, मारली म्हणजे गुन्हा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. साहेबांनीही मान खाली घातली. त्यांची तक्रार मुद्दाम फोडल्याची होती, तरी ते काही बोलले नाहीत. म्हणजे त्या एका शब्दावर आम्हा तिघांचं न बोलता जमलं होतं.

मग हवालदार जबाब मोठ्यानं वाचू लागले. 'काठी सुटली' आलं तशा आजी बाकावरून म्हणाल्या, "सुटली नाही. मी मारली."

हवालदार म्हणाले, "आजी, तुम्ही बसा शांत. तुमच्या भल्यासाठीच आहे."

आजी म्हणाल्या, "माझ्या बाबांच्या वाक्यात एक शब्द घातला, तोही कुणीतरी कुणाच्या भल्यासाठीच घातला असेल. तुम्ही आता माझ्या वाक्यात घालताय. मी भान ठेवून मारलीय, बाई. तुला दिसलं की." हे त्या मला म्हणाल्या. मला दिसलं होतं. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली होती.

हवालदारांनी त्यांना विचारलं, याचा अर्थ काय होतो ते कळतं ना? आजी म्हणाल्या, "कळतं. त्यांनी काय केलं ते मला जन्मभर कळलं नाही. मी काय केलं ते तरी नीट लिहिलेलं असू दे."

यावर मी हवालदारांना 'सुटली' खोडून 'मारली' लिहायला सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं आणि लिहिलं. तेव्हा साहेब म्हणाले, काच नवीन बसवायची तर बोर्ड बाहेर काढावाच लागेल, आणि काढतोच आहोत तर...  नवीन बोर्डाचा मजकूर कुणी लिहायचा असं मी मधेच विचारलं. ते म्हणाले, लिहायचं काय त्यात, तीन-चार तर शब्द आहेत. तक्रार मागं घेणार का असं हवालदारांनी विचारलं त्यावर विचार करून सांगतो म्हणाले. मी हे सांगते आहे तोवर त्यांनी काही सांगितलेलं नाही.

वरील जबाब मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा तो बरोबर नव्हता, आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खोडलेल्या जागेच्या बाजूला मी सही केली आहे. खोडलेला शब्द वाचता येतो, त्यावर पुन्हा शाई गिरवू नये. नवीन शब्दापुढे आजींनीही सही करायची असे म्हटले, पण जबाब त्यांचा नसल्याने ती घेता आली नाही. म्हणून 'मारली' हा शब्द त्यांनी स्वतः वाचून पाहिला, एवढी नोंद केली आहे.