बेबीच्या बाटलीतलं पहिलं पाणी

मी लालबागची, जन्म चाळीतलाच, वडील गिरणीत होते आणि आई मालवणकडची, तिच्या तोंडात शेवटपर्यंत मालवणीच, आणि मी तिची थोरली, विजू. माझ्यामागून बऱ्याच वर्षांनी धाकटी झाली, तिचं पाळण्यातलं नाव सुलभा, पण सुलभ असं तिच्यात काहीच नव्हतं म्हणून सगळे बेबी म्हणायला लागले, आता केस पिकले तरी बेबीच. तेव्हा ऑटिझम हा शब्द आमच्या चाळीत पोचला नव्हता. शेजारणी काहीबाही बोलायच्या, आणि आई त्यांना सुनवायची, माझा चेडू सरळ आसा, जग वाकडा आसा. चेडू म्हणजे पोरगी.

सरळ म्हणजे कशी, काय सांगू तुम्हाला, बेबीला म्हटलं जरा दुधावर डोळा ठेव, की ती गॅसशी वाकून डोळा पार पातेल्यापाशी नेणार. एकदा तर भुवई जळली. आपण शब्द वापरतो, टाकून देतो, बेबी तसं करत नाही, तिच्याकडे शब्द म्हणजे शब्द.

आईवडील गेल्यावर बेबी माझ्याकडे आली. माझं परळला पोळीभाजी केंद्र आहे, टॉवरमधली ऑफिसवाली पोरं जेवायला येतात. मी अशी जाडजूड, मला बघून गिऱ्हाईकाला खात्री पटते की इथं जेवण बरं मिळत असणार, म्हणजे मीच माझा बोर्ड. बेबीचं जेवण मात्र ठरलेलं. सकाळी तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी, दुपारी भात आणि बोंबलाचं कालवण, संध्याकाळी कपभर दूध. त्यात बदल नाही, आणि त्यात ती खूश. हात हलवत खायची, हूं हूं करत खायची, तो आवाज आला की मी समजायची, घर ठीक आहे.

तर तो माणूस. नाव घेत नाही, तुमच्या कागदाला कशाला विटाळ. आमच्या मिस्टरांच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ आला, पांढरा कोट, मऊ आवाज, एका लघवीच्या तपासणीत तुमच्या वेगळ्या माणसाच्या शरीराचं सगळं गणित कळेल म्हणे, मेटाबॉलिझम सुधारा म्हणजे मेंदू सुधारेल. बेबीचं पोट तेव्हा जरा बिघडत होतं आणि मी शहाणी, गिऱ्हाईकाने डाळीत पाणी आहे म्हटलं तर तासभर भांडणारी, त्या कोटाला एक प्रश्न न विचारता दादरला त्याच्या सेंटरवर बेबीला घेऊन गेले. त्यांनी बाटली दिली, वर चंदेरी कागद गुंडाळलेला, आत उजेड जाता कामा नये म्हणाले. आणि रात्री सेंटरवर काम करणाऱ्या मुलीचा फोन आला. शिकलेली, नाजूक मुलगी, लघवी म्हणायला तिला लाज वाटली असणार. स्पीकरवर म्हणाली, उद्या सकाळचं पहिलं पाणी बाटलीत घ्यायचं, थोडं सोडून द्यायचं आणि मग धरायचं. बेबी म्हणाली, समजलं, मी करीन. सकाळी मी पोळ्या लाटत होते, ती बंद बाटली घेऊन आली, वर स्वतःचं नाव लिहिलेलं, मी जाऊन देऊन आले.

रिपोर्ट आला. पोटात बुरशी, शरीरात विष साचलंय, मेटाबॉलिझम पार ढासळलंय. भात बंद, भाकरी बंद, मासे बंद, सुकट बंद, दूध बंद. बेबी त्याच्यासमोरच बसली होती, तो बोटांवर मोजत एकेक सांगत होता आणि ती प्रत्येकाला मान हलवत होती. उरलं काय तर उकडलेला दुधी आणि त्याच्याकडचीच एक पावडर. बेबीने एक घास इकडचा तिकडे केला नाही. पण तो हूं हूं आवाज बंद झाला. मग झोप गेली, मग ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, मग भिंतीवर डोकं आपटणं सुरू झालं, जे लहानपणीच सुटलं होतं. मी त्या माणसाला फोन केला, सेंटरवर सगळे त्याला सर म्हणायचे, तर सर म्हणाले, ताई, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.

पुढे दुसऱ्या तपासणीची बाटली आली. त्या सकाळी मी लवकर उठले होते, बघते तर बेबी मोरीत नळासमोर उकिडवी बसलेली. आमच्याकडे पहाटे पाणी येतं, आधी नळ खोकतो, मग चहासारखं गढूळ येतं, मग साफ. नळ खोकला. बेबीने थोडं सोडून दिलं, मग बाटली धरली. मी म्हटलं, बेबी, काय करतेस गो? म्हणाली, पहिलं पाणी. मी म्हटलं, आणि मागच्या वेळी? म्हणाली, मागच्या वेळी पण पहिलं पाणी, पहिलंच सांगितलंय ना.

मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. आधी हसू आलं, इतकं की मिस्टर उठून आले. आणि मग हसता हसता बेबीच्या मनगटाकडे नजर गेली, काडी झाली होती हो ती, आणि तिथे माझ्या अंगात जे काही शिरलं ते अजून बाहेर पडलेलं नाही. मी ती बाटली पुसली, चंदेरी कागद नीट दाबला आणि तशीच पाठवून दिली. सरांचा रिपोर्ट आला, अभिनंदन ताई, बुरशी कमी झाली, पथ्य लागू पडलं.

त्याच आठवड्यात बेबीला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लघवीची अशी तपासणी खरी असते, काही जन्मजात आजारांत एखादी गोष्ट शरीराला पचत नाही, ते लघवीत आणि रक्तात कळतं, आणि तिथे पथ्याने माणूस वाचतो, पण ते आम्ही बघून ठरवतो, पथ्याने ऑटिझम जात नाही. त्यांनीही बाटली दिली. या वेळी मी बेबीला म्हटलं, लघवी, शू, मुतायचं, तीनही शब्द वापरले, बाहेरचे पेशंट बघायला लागले. आजार काही निघाला नाही. रक्त तेवढं कमी निघालं, न खाऊन. बाई म्हणाल्या, हिला आधी हिचं जेवण द्या.

मी घरी येऊन सुकट भाजली. बेबीने ताट सरकवलं. बंद आहे. अगो, डॉक्टरबाईंनी सांगितलं ना खा म्हणून. म्हणाली, त्यांनी बंद केलं नव्हतं, सरांनी बंद केलं, सरांनी चालू करायचं. मी रडले, ओरडले, मिस्टरांनी सरांच्या आवाजात बोलून बघितलं, तिने ओळखलं. माझी बहीण माझ्या घरात, पोळीभाजीवालीच्या घरात, उपाशी बसली होती, एका माणसाच्या एका शब्दासाठी.

आणि तेव्हा त्याचाच फोन. दादरला हॉलमध्ये पालक मेळावा आहे, ताई, तुम्ही बेबीताईंच्या सुधारणेवर दोन शब्द बोला. मी म्हटलं, बोलते की. ठेवणीतली साडी नेसले, बेबीच्या कानाला आवाज अडवणारे हेडफोन लावले, आणि गेलो.

हॉल भरलेला, सगळ्या आयाच. मी माईक घेतला आणि म्हटलं, मला बोलता येत नाही, मी फक्त विचारते. सर, दोन्ही रिपोर्ट बरोबर ना? म्हणाले, शंभर टक्के. म्हटलं, मग आमच्या अख्ख्या चाळीचे मासे बंद करा, कारण ते पाणी आमच्या नळाचं होतं. सर हसले, म्हणाले, ताईंचा गैरसमज होतोय, ती लघवीच होती. झालं. बेबीला चुकीचं बोललेलं सहन होत नाही. हेडफोन काढून उभी राहिली, म्हणाली, पहिलं पाणी. नळाचं. दोन्ही वेळा. थोडं सोडलं मग धरलं.

सर माईक मागायला लागले, मी दिला, पण हात सोडला नाही त्यांचा. मी पोळ्या लाटणारी बाई, माझ्या पकडीतून सुटणं सोपं नाही. म्हटलं, सर, हिचं जेवण तुम्ही बंद केलंय, तुम्हीच चालू करा. म्हणाले, बरं, बरं, सगळं चालू. बेबी म्हणाली, सगळं नाही, एकेक सांगा. भात? सर म्हणाले, चालू. भाकरी? चालू. बोंबील? चालू. सुकट? आवाज येईना, मी मनगट दाबलं, चालू, चालू. दूध? चालू. तेवढ्यात मागून एक बाई उठली, म्हणाली, आमच्या मुलीचं दही? दुसरी म्हणाली, आमच्या बंड्याची पोळी? आणि मग काय विचारता, अख्खा हॉल त्याच्या अंगावर ताटं घेऊन उठल्यासारखा, आणि तो घामाने निथळत चालू, चालू, चालू. असलं सुख मला माझ्या लग्नात मिळालं नव्हतं.

त्या संध्याकाळी बेबी दोन भाकऱ्या जेवली. मध्येच हूं हूं सुरू झालं, मिस्टर उठून गॅलरीत गेले, डोळ्यात कांदा गेला म्हणे, घरात कांदा चिरला नव्हता.

आता बेबीचं अंग भरतंय. आम्ही सगळ्या आयांनी मिळून तक्रार केली आहे, सेंटरला कुलूप आहे. मध्ये तो पेढे घेऊन केंद्रावर आला, म्हणाला, ताई, मन मोठं करा, मलाही घरदार आहे. मी पेढे गिऱ्हाइकांना वाटले आणि म्हटलं, या, तक्रारीच्या तारखेला भेटू. मिस्टर म्हणतात, सोड आता, विजू, देव बघून घेईल. देवाला कशाला त्रास, मी आहे ना. तुमच्या घरात कुणी असं सरळ असेल तर ते पोटभर जेवो, सुखाने झोपो, माझा आशीर्वाद आहे. बेबीचं पोट भरलं हो. माझं अजून भरायचंय.