बाबांचा हलका पाय

हॅलो? … हॅलो, ताई? … जरा मोठ्याने बोल, मागे चार ट्रक घरघरतायत. … हो, धूर तपासणी केंद्रातच आहोत. पुढचा नंबर आपलाच.

नाही, अजून नाही झाली. … आई घरगाडीत बसलीये, भांड्यांच्या कपाटाचं दार दोन्ही हातांनी धरून. बाबा गाडीभोवती फेऱ्या मारतायत. सातवी चालू आहे.

तिसरी गं! कितव्यांदा विचारतेस? तीनच संधी देतात. आज पास नाही झाली, तर एक तारखेपासून गाडी शहराच्या हद्दीत आणता येणार नाही. … अंगणातसुद्धा नाही. आपलं अंगण हद्दीतच आहे ना ताई! चार वर्षं खपून जुन्या बसची घरगाडी केली बाबांनी, आणि ती उभी करायची कुठल्यातरी माळावर, ताडपत्री टाकून.

विकायची? … विकत घेणाऱ्याचं अंगण कुठे असणार, चंद्रावर?

हो, हो… अगं ऐक ना. विजेची घ्या म्हणायला काय जातं. मी गेल्या महिन्यात एक बघून आले. छान आहे, अगदी आवाज नाही. पण एकदा भरली की धावणार दीडशे किलोमीटर. चार्जिंगची जागा आखलेली कारच्या मापाने. नऊ मीटरची गाडी तिथे घातली तर निम्मी रस्त्यात. लोक हॉर्न वाजवणार, आणि आपण आत बसून पत्ते खेळणार. … आणि आपल्याच गाडीत मोटर बसवायची, तर बॅटरीचं वजन? कागदावर गाडीचं जेवढं वजन मंजूर आहे, त्यात ती बसवायची तर पाण्याची टाकी काढा, पलंग काढा, आईचं शिवणयंत्र काढा. आई म्हणाली, मग मलाही उतरवा.

नाही गं, मी नियमाच्या विरोधात कुठे आहे? काजळीचे कण मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेत. फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. नियम बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की गाडीचं वय बघून ठरवू नका, धूर मोजून ठरवा. … तेच! आता तेच करतायत. म्हणून तर इथे आलोय.

पहिल्यांदा खरंच नापास झाली होती. … कारण काय, विचार. चपलांचा कप्पा! बाबांनी कप्पा बसवला तो नेमका इंजिनाला हवा जाते त्या जाळीवर. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळणार आणि धूर काळा होणार. सोपं रसायनशास्त्र. मी कप्पा काढला, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून आणले. … हो, मीच. … नखं अजून काळी आहेत, तुझ्या नणंदेच्या लग्नाला येईन तेव्हा हातमोजे घालीन.

मग दुसऱ्यांदा? … अगं, तुला बाबांनी सांगितलंच नाही? नाहीच सांगणार! दुसऱ्यांदा गाडी नापास झाली नाही ताई, बाबा झाले.

ऐक. धुरातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि किती अडला ते मोजतात. त्यासाठी गाडी जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबायचा. एका सेकंदाच्या आत. आणि बाबांनी दाबला… हो! तसाच! हलके हलके, लोणी दाबल्यासारखा. साडेतीन सेकंद. यंत्राने कागद काढला: ‘चाचणी अवैध’. आणि अवैध म्हणजे एक संधी गेली.

नाही, त्यांना कळतं गं सगळं. पण अडतीस वर्षं बस चालवली त्यांनी. मागच्या बाकावर झोपलेलं मूल कधी दचकलं नाही, याचा केवढा अभिमान! उभ्या गाडीला किंचाळायला लावायचं म्हणजे बांधलेल्या घोड्याला चाबूक, असं म्हणाले. तपासणीवाल्याला, तोंडावर!

म्हटलं ना मी! मी बसते म्हटलं. तर म्हणे, या पेडलवर दुसऱ्याचा पाय पडायचा नाही. … मग काय, आठवडाभर सराव. जेवणाच्या टेबलाखाली, पायपुसण्यावर. मी स्टॉपवॉच घेऊन खाली बसायचे. … हसू नकोस. पायपुसण्यावर पाऊण सेकंद येतो त्यांना. खऱ्या पेडलवर पुन्हा तीन.

थांब, बोलावलं. … बाबा, बसा तुम्ही. आई, दार सोडू नकोस! … अगं तुला नाही, आईला.

नाही, ठेवू नकोस, मी बाहेर उभी आहे, यंत्राचा पडदा दिसतोय. … नळी लावली. … इंजिन चांगलं तापलेलं आहे, तपासणीवाला म्हणाला. … बाबांनी आरसा नीट केला. उभ्या गाडीत आरसा! … आता हात वर केला त्याने. ताई, श्श.

दाबा बाबा…

ऐकलंस? … ऐकलंस? अगं तळापर्यंत! शून्य पूर्णांक आठ सेकंद! … ती भांडी. हो, पडली सगळी. … आई ठीक आहे, तिचा आवाज येतोय ना? ठीकच असणार.

पहिला आकडा एक पूर्णांक दोन. मर्यादा दीडची. … थांब गं, तीनदा दाबायचं असतं, मग सरासरी. … बाबांनी डोळे मिटलेत. गच्च. ओठ हलतायत… मला वाटतं गाडीची माफी मागतायत.

दुसऱ्यांदा… दाबला! नऊ दशांश! पहिल्यांदा सायलेन्सरमधली जुनी काजळी निघाली असणार. … तिसऱ्यांदा… आठ दशांश! ताई, आठ! सरासरी एकसुद्धा नाही! … झाली! कागद येतोय. ‘उत्तीर्ण’. मी वाचतेय ताई, उ-त्ती-र्ण!

रडत नाहीये. धूर गेला डोळ्यांत. … बरं, नव्हता धूर. रडतेय. माझ्या बाबांनी काय केलं ते तू बघायला हवं होतंस. अडतीस वर्षांची सवय, तीन सेकंदांत तीनदा मोडली. कुणासाठी? … गाडीसाठी नाही गं. आईला दरवर्षी समुद्र दाखवायचा असतो म्हणून.

किती दिवस? … एक वर्ष. पुढच्या वर्षी मर्यादा निम्मी होणार. … माहितीये मला. आठ दशांशसुद्धा मग चालणार नाही, तेही माहितीये. आज तरी… थांब, बाबा खाली उतरलेत. तपासणीवाल्याशी काय बोलतायत? … ऐकते ना, तूही गप्प राहा.

… ताई. ते काय सांगतायत ऐकलंस? ‘पुढच्या वर्षी ही विजेवर येईल. माझी धाकटी मोटर बसवणार आहे. वजनाचं गणित तिने काढलंय.’

मी? मी कधी म्हटलं! गणित काढलं होतं, हो, वहीत, माझ्यापुरतं… त्यांनी वही कधी बघितली? … छे, बसत नाही गं वजनात, तीनशे किलो जास्त होतंय. हलकी बॅटरी मिळाली, लाकडी पलंगाऐवजी ॲल्युमिनियमचा केला, तर… तर कदाचित… अगं काय मी पण!

आणि छाती बघ त्यांची. शर्टाचं बटण तुटेल आता. सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतायत. ट्रकवाले माझ्याकडे बघतायत.

आता ठेवते ताई. तो तपासणीवाला इकडेच येतोय, माझा नंबर मागतोय. … चहाटळ! तसलं काही नाही. त्याच्या सासऱ्यांचीसुद्धा घरगाडी आहे. डिझेलची, आपल्याहून जुनी. … हो साहेब, बोला ना. किती मीटरची आहे? … ठेव गं!