बोलल्याबिगर टोचायचं न्हाई

…न्हाई न्हाई, बसा चेअरमनसायेब, उठू नका. पायात घुसलेला पायरीवरचा खिळा गंजका हाय, धनुर्वाताची सुई घ्यावीच लागती. माझी हकालपट्टी दहा मिंटांनी करा की — मी कुटं पळायलेय? बाही वर घ्या. अजून वर. भ्यालात व्हय? न्हाई म्हणता, मग खुर्चीचा दांडा कामून आवळलाय — सोडा त्येला, कॉलेजचाच हाय.

तुमच्यावर राग न्हाई माझा. तक्रारच तशी आली. राणीसावरगावच्या उपकेंद्रात जलम गेला माझा, सिस्टरबाई म्हणून, आन् तुमीच आणलं मला हितं नर्सिंगच्या कॉलेजात, पोरींना शिकवा म्हणून. आता मला पुस्तकातलं इंग्रजी कुटं धड वाचता येतंय — हे तुमी ऐकलंच न्हाई बरं का. मी आपलं येतंय ते शिकवलं. काय शिकवलं? पेशंट बोलल्याबिगर टोचायचं न्हाई. आधी विचारायचं, मावशी, जेवलात का? मावशी कालवणावर घसरली की दंड ढिला पडतो — तवा सुई. बरोबर हाय का न्हाई? बरोबरच हाय.

पर परीक्षेला होती रबराची बाहुली. आन् आमची भक्ती — तक्रारीतली, तीच — बाहुलीला म्हणली, मावशी, जेवलात का, आन् थांबली. बाहुली काय बोलंना. हिनं पुन्ना विचारलं. परीक्षक म्हणले, अगं टोच. ही म्हणती, सर, मावशी रुसल्यात. खामखा नापास झाली पोरगी. मी लय हसले सायेब, मग कपाटामागं जाऊन रडले बी. मला काढा, पर तिला परत परीक्षेला बसवा. तिची माय कोयता घेऊन कारखान्याला गेलीया, पोरगी सिस्टर व्हायलीय म्हणून साऱ्या टोळीला सांगून.

बरं, ते जाऊ द्या. पूर्णेच्या बाजारातनं आणलेली म्हैस कशी हाय तुमची? — लाथ? धार काढताना? आन् तुमी शेणात बसलात? — जावाई बी होते का तितं — आन् ते हसले? लय वाईट. बाईसायेब बी हसल्या? अरारा.

धरा हा कापूस. झालं की कवाच, तुमी शेणात होता तवा. हात हलका हाय म्हणता — कुणाचा, माझा? माझे दोन्ही हात हे बगा, तुमचं मनगट धरून हायेत. मागं वळा जरा. भक्ती, सायबांना नमस्कार कर.

काय झालं सायेब? बोला की. — बोलंना गेलेत गं. चला पोरींनो, वर्गात. आता टोचायचं न्हाई.