परक्या शिंगराची आई

मी आटपाडीकडचा धनगर. आई मला जन्म देऊन गेली, चुलतीनं आपल्या पोरीसंगं मला बी अंगावर पाजलं, म्हणून हा बबन तुमच्यापुढं बसलाय ताई. मेंढरांत वाढलो, आता इकडं आखातात अल रय्यानकडं एका अरबाच्या तबेल्यात घोडी सांभाळतो, राहायला बी तिथंच.

तर गेल्या हिवाळ्यात एका घोडीचं शिंगरू जन्मताच मेलं, आन् दुसऱ्या दिवशी दुसरी घोडी शिंगराला जन्म देऊन मेली. इकडं पान्हा वाया चाललेला, तिकडं पोट रिकामं. बाटली ते तोंडात धरंना, आन् घोडीजवळ न्यावं तर ती कान पाडून चावायला धावायची. दुपारपातुर त्याची मान उचलंना. काय सांगू तुम्हाला, मला माझंच लहानपण दिसायला लागलं.

आमच्यात मेंढी परकं कोकरू घेत न्हाई तवा तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळत्यात, तरी न्हाईच घेतलं तर कुत्रं जवळ आणत्यात, मंग ती लेकराला पाठीशी घालती. तबेल्यातली जनावरांची डॉक्टरीणबाई ग्रीस देशाची, तिला मोडक्या इंग्लिशमधी हे सांगितलं तर हसायलाच लागली, म्हणली माझा आजा बी हेच करायचा, आमच्याकडं हजारो वर्षांचे पुतळे हाईत, खांद्यावर कोकरू घेतलेला माणूस. मी म्हणलं बाई, त्यो तर आमचाच आजा की.

पण मालक म्हणला, घोडीनं भिऊन शिंगरूच तुडवलं तर? डॉक्टरीण म्हणली, न्हाई केलं तर संध्याकाळपातुर तसं बी जाणार. मंग मालक म्हणला, यल्ला, म्हंजी चला, करा.

घोडीचंच दूध शिंगराच्या अंगाला चोळलं, त्याला तिच्या पुढ्यात उभं केलं, आन् मालकाचं शिकारी कुत्रं साखळीनं धरून मी दारात आणलं. घोडी फुरफुरली, पाय आपटला, आन् मंग ती अंग वळवून कुत्र्याच्या आन् शिंगराच्या मधी येऊन उभी राहिली. कुत्रं बाहेर बांधून आलो तर शिंगरू कासेला, शेपूट हलतंय, आन् ती त्याला चाटतीय. मालकाच्या डोळ्यांत पाणी. मी मेंढरं वळवायची शिट्टीच मारली, एवढा आनंद झाला मला.

आता ते वाऱ्यावाणी पळतं. चुलतीला व्हिडिओवर दाखवलं, तिला दिसतं कमी, एवढंच इचारलं, पोटभर पितंय न्हवं? म्हणलं व्हय आई, पितंय. मंग बास, म्हणली. तुमच्या बी लेकराबाळांना कुणाची ना कुणाची माया मिळू द्या ताई, इन्शाल्ला.