चौथा डबा

(शाळेचं पटांगण. सकाळचे साडेनऊ. एका रांगेत चार पोर्टेबल केबिन. तिथेच वर्ग भरतात. शेवटच्या केबिनबाहेर मुख्याध्यापिका बाई आणि केबिन हलवायला आलेला फिटर.)

फिटर : साडेअकराला क्रेन येतेय, बाई. तोवर चारही डबे रिकामे पाहिजेत. मला दुसरं काही सांगितलेलं नाही.

बाई : आणि यात बसलेल्या एकशे अठरा मुलांचं काय करायचं, ते सांगितलंय?

फिटर : ते तुमच्या कागदात असेल.

बाई : आहे ना. ‘विद्यार्थ्यांची पर्यायी बैठकव्यवस्था शाळेने स्वतःच्या पातळीवर करावी.’ मला तरी शाळेची पातळी एकच माहीत आहे. ही, पायाखालची.

फिटर : नवी इमारत?

बाई : ते मागे बघा. पत्रे लावलेत ना, त्याच्या आत. पायाचा खड्डा आहे, त्यात कमरेएवढं पाणी. कागदावर मात्र ‘काम प्रगतिपथावर’. म्हणून तर डबे उचलतायत. इमारत येतेच आहे म्हटल्यावर यांना डबे हवेत कशाला!

फिटर : मी बसवायला आलो होतो तेव्हा दोन वर्षं म्हणाले होते.

बाई : नऊ झाली. पहिलीत डब्यात आलेली मुलं सातवी होऊन बाहेर पडली. रस्त्यापलीकडच्या शाळेतली पोरं यांना ‘डबाबंद’ म्हणतात. आमची म्हणतात, आम्ही ताजे राहतो.

फिटर : हुशार आहेत.

बाई : आहेत. भाऊ, एक विचारू? तुमच्याकडे तपासणीचा कागद असतो. त्यावर ‘हलवण्यास अयोग्य’ असं लिहिता येतं ना?

फिटर : येतं. पण तसं असेल तर.

बाई : नऊ वर्षांचे डबे आहेत. उचलताना मोडतील, एवढंच लिहायचं. खोटं ठरायचं नाही.

फिटर : बाई, हे जिथं जाणार आहेत तिथली शाळा पुरात गेलीय. तिथले सर रोज सकाळी मला फोन करतात. पोरं ताडपत्रीखाली बसतात म्हणे. आज निघताना पण फोन आला होता. क्रेन निघाली का, विचारत होते.

बाई : मग मी काय करू? त्यांची मुलं मुलं, आणि माझी?

फिटर : मी कुठं तसं म्हणतोय. मी उचलतो आणि ठेवतो. जरा चौथ्यात जाऊ द्या. तीन बघून झाले, हा राहिलाय.

बाई : आत वर्ग चालू आहे. बाहेरूनच बघा.

फिटर : कोपऱ्यातलं कपाट तेवढं बाजूला घ्यायचं होतं. त्याच्याखालची जमीन बघायचीय.

बाई : कपाट जड आहे. प्रयोगाचं सामान आहे त्यात. काचेचं.

फिटर : मी खालनं सरपटत जाऊन आलोय, बाई.

बाई : मग?

फिटर : त्या कपाटाच्या दोन पायांखाली जमीनच नाहीये. कपाट एका आडव्या पट्टीवर उभं आहे. भोक आहे तिथं, माझा हात कोपरापर्यंत वर गेला. कडेला रक्त वाळलंय. कोण पडलं?

बाई : पाचवीतली एक मुलगी. गेल्या मंगळवारी. पुस्तक आणायला उठली आणि गुडघ्यापर्यंत पाय आत गेला. सात टाके पडले.

फिटर : कळवलं नाहीत.

बाई : कळवलं असतं तर त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. दवाखान्यात सांगितलं, पायरीवरून पडली. मी नाही सांगितलं. तिला सांगायला लावलं. रिक्षात तिच्याकडून दोनदा घोकून घेतलं, भाऊ. मी. एकतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगतेय. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती इतकं व्यवस्थित बोलली, की पायऱ्या किती ते पण सांगितलं. तीन.

फिटर : घरच्यांना?

बाई : घरी आई-बाप नाहीत. आजी आहे. ती बघा, हौदाशी बादली भरतेय. आमच्या मावशी.

फिटर : तुमच्या शिपाईबाई? त्यांना पण पायरीच सांगितलीत?

बाई : त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितली.

फिटर : ही जमीन मीच ठोकली होती. चार वर्षांपूर्वी. खालचा बोर्ड कुजला होता तेव्हाच. बदलायला नवीन नव्हता, म्हणून वरून प्लायवूड मारलं, त्यावर नवं रेक्झिन. छान दिसत होतं.

बाई : आठवतंय. मीच म्हणाले होते, परीक्षेपर्यंत टिकू दे.

फिटर : तुम्ही म्हणालात, आमचे साहेब म्हणाले. हातोडा माझ्या हातात होता. ‘दुरुस्त केले’ म्हणून सही पण माझीच आहे.

मावशी : काय खलबतं चाललीत? भाऊ, चहा नाही मिळायचा हां, दूध नासलंय. पाणी देते.

बाई : मावशी, थांबा जरा. तुमच्याशी बोलायचंय.

मावशी : त्या भोकाचं ना?

बाई : तुम्हाला...

मावशी : बाई, झाडू कोण मारतं इथं? मंगळवारी शाळा सुटल्यावर मी चौथ्यात गेले, तर भोकात पोरीची चप्पल. पायरीवरून पडलेल्या पोरीची चप्पल तिथं कशी जाईल? कपाट कोणी सरकवलं वाटलं तुम्हाला?

बाई : मला वाटलं, वर्गावरच्या बाईंनी...

मावशी : त्या पोरसवदा बाईंच्या अंगात बादली उचलायची ताकद नाही! मी सरकवलं. पाठ धरलीय तेव्हापासून.

बाई : आणि बोलला नाहीत. आठ दिवस.

मावशी : काय बोलू? बोंब मारली असती तर शाळा गेली असती. आमची पोर मग त्या हमरस्त्यापलीकडं जाणार? ट्रक थांबतात का कुणासाठी? तिची आई त्याच रस्त्यावर गेली. मी म्हटलं, सात टाके भरून येतील.

बाई : मी खोटं बोलले तुमच्याशी, मावशी.

मावशी : मला माहीत होतं ना. मग ते अर्धंच खोटं.

फिटर : बाई, आता ऐका. तुम्हाला हवं होतं ते होतंय. हे डबे हलत नाहीत. खालच्या गंजलेल्या लोखंडी पट्ट्यांत माझा पेचकस नुसत्या हातानं आत गेला, चारही डब्यांत. क्रेननं उचलले तर तळ खाली राहील आणि भिंती वर जातील. ‘हलवण्यास अयोग्य’ मी आत्ता लिहून देतो.

मावशी : मग राहिले ना आपल्याकडं! उगाच जीव टांगणीला लावला.

फिटर : राहतील. सील लावून. कागद एकच आहे, मावशी. जे उचलायच्या लायकीचं नाही त्यात माणसं पण बसवायची नाहीत. त्याच ओळीत छापलंय, वेगळी खूण करायला जागाच नाही.

बाई : आणि ‘योग्य’ लिहिलंत तर?

फिटर : हळू उचलायला सांगीन. मोडले तर मोडले. नाही मोडले तर संध्याकाळी तिकडची पोरं आत बसतील.

बाई : कागद भरायचाच राहिला तर? निदान सहामाही परीक्षेपर्यंत. तीन आठवडे. कपाट आहे तिथंच ठेवू. त्या बाजूला कोणाला बसवणार नाही. भाऊ, तीन आठवडेच.

फिटर : तुम्ही म्हणालात तर मी ऐकेन. मागच्या वेळी ऐकलं तसंच. म्हणून सांगतोय, म्हणू नका.

बाई : मावशी?

मावशी : मला काय विचारता? मी अडाणी बाई. मी कपाट सरकवणारी.

बाई : तरी विचारते.

मावशी : रोज सकाळी आमची पोर आत गेली की मी दाराशी झाडू घेऊन उभी राहते, बाई. झाडायचं काही नसतं. नुसते कान देऊन असते, परत आवाज येतो का. आठ दिवस झाले. कालपासून वाटतंय, येऊन जाऊ दे एकदाचा. असं वाटायला लागलं की माणसानं काय समजायचं?

बाई : लिहा, भाऊ.

फिटर : काय लिहू?

बाई : जे पाहिलंत ते. चारही. चौथ्यात अपघात झाला, तेही लिहा. तारीख मी सांगते. दडवून ठेवला, हेही लिहा. माझं पूर्ण नाव हवं असेल ना?

फिटर : दडवल्याचं लिहायला रकाना नाहीये.

बाई : मग मागच्या बाजूला लिहा.

फिटर : चार वर्षांपूर्वीचं माझं पण लिहावं लागेल मग.

बाई : तुमचं तुम्ही ठरवा.

फिटर : जागा आहे मागं. दोघांचं मावेल.

मावशी : माझं नको का?

बाई : तुम्ही चौथा रिकामा करा आधी. दोन-दोन मुलं काढा, घाई करू देऊ नका. दप्तरं घ्यायला सांगा. मग बाकीचे तीन.

मावशी : विचारतील ती.

बाई : मी आहे बाहेर.

फिटर : क्रेनवाल्याला परत फिरवतो. तिकडच्या सरांना पण कळवायला हवं.

बाई : काय सांगाल त्यांना?

फिटर : डबे येत नाहीत म्हणून. कारण विचारलं तर बघू. लागला फोन... हॅलो, सर? हो, मीच. नाही, क्रेन नाही निघणार... आज नाही, सर. उद्या पण नाही... हो. ऐकतोय... हो, सर. ठेवतो.

बाई : काय म्हणाले?

फिटर : बरं म्हणाले. मग ‘बरं बरं’ असं दोनदा म्हणाले.

मावशी : (थोड्या वेळानं) बाई, आली सगळी बाहेर. शेवटच्यानं निघताना फळा पण पुसला. आता इथंच घोळका करून उभी आहेत. विचारतायत, कुठं बसायचं.

बाई : कुंपणाच्या भिंतीकडेला बसवा. बारापर्यंत सावली असते तिथं.