थोरलीचं मागचं तेल

...आता तुम्हीच सांगा, ह्यात एवढं डोळे वटारण्यासारखं काय होतं? मी काय वेगळं बिऱ्हाड मागितलं होतं? मी फक्त एवढंच विचारलं होतं, की गाडीचं मागचं तेल किती दिवसांनी बदलायचं? तर घरातले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी वरणाला मोहरीऐवजी खिळ्यांची फोडणी दिली!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे एक गाडी आहे. जुनी. सात जणांची, पण बसतो नऊ. माझे सासरे, बाबा, तिला 'थोरली' म्हणतात, कारण ती घरात माझ्याही आधी आली. आणि धाकटी म्हणजे माझी गौरी, तेव्हा आठ महिन्यांची. तर ह्या थोरलीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये, छोट्या कलिंगडाएवढा एक लोखंडी गोळा आहे. त्याच्या आत दातेरी चाकं, आणि ती तेलात बुडालेली. मला कसं माहीत? अहो, गौरीला झोपवताना मोबाईल बघत होते, तर त्यात एक माणूस सांगत होता, की हे तेल जळून गेलं ना, तर चालत्या गाडीची चाकं जागच्या जागी जाम! जाम म्हणजे जाम! आणि आम्हाला दोन दिवसांनी भोपाळहून नागपूरला जायचं होतं. माझ्या आईचा खुबा मोडलाय, ती काही येऊ शकत नाही, तिनं गौरीला अजून एकदासुद्धा मांडीवर घेतलेलं नाही... आणि मध्ये ते बैतूलकडचं जंगल, मोबाईलला रेंज नाही, पोर दुधासाठी रडतंय, आणि मागचा गोळा जाम! झोप लागेल का हो आईला?

म्हणून मी विचारलं. फक्त एवढंच विचारलं, मागचं तेल किती दिवसांनी बदलायचं?

आधी ह्यांना विचारलं. हे म्हणजे आमचे निखिलराव, कारखान्यात टेक्निशियन. हे मोबाईलवरून मान वर न करता म्हणतात, "अगं, ते लाइफटाइम असतं." म्हटलं, "कुणाचं लाइफटाइम? गाडीचं की आपलं?"

मग हाटाच्या दिवशी बिट्टन मार्केटला भाजी घ्यायला गेले, तर तिथे मागच्या गल्लीत गाड्या दुरुस्त करणारे एक उस्ताद बसतात, थोरलीला ओळखतात. एका हातात मेथी, कडेवर गौरी, तशीच उभी राहून विचारलं. उस्ताद पानाची पिंक टाकून म्हणाले, "देखो भाभी, गोला जब तलक रोए नहीं, तब तलक छेड़ना नहीं." अहो, हे काय उत्तर झालं? मूल रडल्यावर डॉक्टरकडे न्यायचं असतं, पण सुई तर आधी द्यायची असते ना? गौरीच्या टीक्याच्या, म्हणजे लसींच्या कार्डावर बघा, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, सगळं छापलेलं! माणसाच्या पोराला तारखा आहेत, मग गोळ्यानं काय घोडं मारलंय?

घरी येऊन ह्यांना गाडीचं पुस्तक काढायला लावलं. इंग्रजीतलं. ह्यांनी वाचलं, "चाळीस हजार किलोमीटर. ओझं, धूळ, पाणी असेल तर त्याच्या आधी." म्हटलं, ओझं? नऊ माणसं, पाळणा, गव्हाचं पोतं आणि ह्यांच्या आत्याबाई! ह्याला ओझं नाही तर काय हळदीकुंकू म्हणायचं?

आता राहिले बाबा. बाबा म्हणजे काय सांगू तुम्हाला! त्याच कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. पान्याचं एक टोक मशिनीला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे, आतलं कुठलं बेअरिंग गेलंय. आमच्या अवधपुरी वस्तीत कुणाची मोटर बंद पडली, की पहिली बाबांना हाक. शिवाय त्यांची वही! दर वर्षीची वेगळी वही, त्यात थोरलीचं सगळं, इंजिनचं तेल, ब्रेक, टायर, बॅटरी, तारीख, किलोमीटर, खाली सही. स्वतःच्याच गाडीला स्वतःच सही!

मी घाबरत घाबरत विचारलं, "बाबा, मागचं तेल...?"

"वेळेवर बदलतो." एवढंच. आणि वर, "वहीत असेल. बघ."

बघ म्हणाले, तर बघितलं. मी सातवीपर्यंतच शिकलेय, पण बोट ठेवून वाचते, म्हणून ओळ सुटत नाही माझी. इंजिन... ब्रेक... टायर... बॅटरी... गोळा कुठाय? मागची वही काढली. नाही. त्याच्या मागची. नाही! उलटं जात जात दोन हजार चौदापर्यंत पोचले, आणि तिथे सापडला! पानाच्या अगदी तळाशी, कडेला, बारीक अक्षरात, 'मागचा गोळा'. मग मला कळलं. बाबा दर जानेवारीत जुन्या वहीतली नावं नव्या वहीत उतरवून घेतात. पंधरा सालची उतरवताना तळाची ती ओळ राहिली. सोळाची पंधरावरून उतरवली, सतराची सोळावरून... आणि वहीत नाही म्हणजे बाबांच्या जगात नाही! ऐंशी हजार किलोमीटर, आणि त्या गोळ्याची कुणी विचारपूस केली नाही!

आता सासऱ्यांना हे सांगायचं कसं? वही पुढे केली, बोट ठेवलं. बाबांनी बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. मला वाटलं, आता आवाज चढणार... तर त्यांनी बाह्या सरसावल्या. म्हणाले, "निखिल, पाना आण."

एकाहत्तर वर्षांचा माणूस पोतं अंथरून गाडीखाली शिरला! हे पण शिरले, आणि लगेच खालचा बोल्ट धरला. बाबा ओरडले, "हात काढ! आधी वरचा! खालून सगळं सोडलंस आणि वरचं भोक उघडलंच नाही, तर भरशील कुठून? तुझ्या तोंडातून?"

आणि खरंच उघडेना हो वरचा! गंजून बसलेला. हे जोर लावायला लागले, तर बाबा म्हणाले, "जोर नको. बोल्टाचे कोन झिजले की संपलं." घासलेट सोडलं, हातोडीनं टक, टक, टक... थांबले. परत टक, टक. लहान मुलाच्या पाठीवर थोपटतात ना, तसं! दीड तास! मी बाहेर उकिडवी बसून, मांडीवर गौरी, आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची रिकामी मांडी... आणि एकदम 'चुईं' झालं. सुटला! बाबांच्या बोटांची सालं निघालेली, पण हसत काय होते!

मग खालचा खोलला. आलं ते तेल होतं का? करपलेली फोडणी! बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याला लोखंडाच्या किसाच्या मिशा फुटलेल्या! बाबांनी त्या बोटावर घेतल्या, मला दाखवल्या, आणि म्हणाले, "सूनबाई, तू विचारलं नसतंस ना..." चौतीस वर्षांचा फिटर हो! मला, सातवीवालीला!

नवीन तेल मीच भरलं, वरून नरसाळं धरून. एवढा घाण वास! भोकातून बाहेर ओघळायला लागलं, की भरलं. बाळाच्या ओठातून दूध ओघळलं, की कळतं ना पोट भरलं, अगदी तस्सं!

नागपूरला गेलो. जंगलभर मी विचारत होते, "बाबा, आवाज येतोय का?" बाबा म्हणाले, "येतोय. तुझा." आणि आईनं गौरीला मांडीवर घेतलं, आणि दोघी एकदमच रडल्या... जाऊ दे, ते आज नको.

पण नागपूरला निघायच्या आधी बाबांनी काय केलं माहितेय? वही बाजूला सारली, पेन मला दिलं. "आता वहीवर माझा भरवसा नाही. धाकटीच्या कार्डावर लिही. ते तू मरेपर्यंत विसरायची नाहीस." लिहिलं! गोवराच्या सुईच्या खाली, 'मागचं तेल, दर तीस हजार'. बाबांनी सही केली.

आणि गेल्या बुधवारी गौरीला गोवराची सुई द्यायला गेलो. नर्सबाईंनी कार्ड बघितलं, उलटं केलं, सुलटं केलं. "ये तीस हज़ार किलोमीटर वाला कौन-सा टीका है?"

आता काय सांगायचं? मी फक्त एवढंच विचारलं होतं हो, मागचं तेल किती दिवसांनी बदलायचं! म्हटलं, "दीदी, वो इसका नहीं, हमारी बड़ी का है."

तर म्हणाल्या कशा, "तो बड़ी को भी साथ ले आतीं!"

म्हटलं, "लाई हूँ ना दीदी... बाहर नीम के नीचे खड़ी है."