देवीचा ठिकान

माझा जल्म दिव्याच्या खाडीकडचा, बाप मिठागरान, आय मिठागरान, मी पन मीठ वाहूनच मोठी जाले, लगीन होऊन ठाकुर्लीच्या या बाजूला आले नि सासूनं मना धवले, लग्नाची गानी, शिकवले. धवलारीन म्हंजे म्हायती हाय ना बाय? आमच्या आगऱ्यांच्या लग्नान जी बाई गाऊन देवाना बोलवते, ती. भटाच्या आदी आमी. आज मना सगले सायबांची आय बोलतान, पोऱ्या नगरसेवक ना माझा, पन त्याच्या आदी मी धवलारीन हाय, तो इसरला तरी मी नाय इसरत.

तर नातीचा लगीन, सायबांच्या लेकीचा, मांडव केवढा, काय सांगू तुमाला. आमची रीत अशी का पयला आवतान गावदेवीला, पान-सुपारी नि हल्दीचा तांदूल घेऊन धवलारनीनं सोता जायचा. बांधावर देवीचा दगड, शेंदूर लावलेला, गुडघ्याएवढा. वर्सभर पाय दुखत व्हते म्हून मी तिकडं फिरकलेच नव्हते, ती माझी चूक, मी लपवत नाय. हल्दीच्या सकाली रिक्षा करून गेले. बघते तर बांध नाय, देवी नाय, पत्रे ठोकलेले, वर टावरचा चित्र नि कोपऱ्यान माझ्या पोऱ्याचा फोटू, हात जोडलेला. मना वाचता येत नाय, पन माझा पोऱ्या मना कलत नाय का? तांदूल मुठीन तसाच. रिक्षावाला इचारतो, आजी पानी देऊ का, मी बोल्ले, घरी चल.

घरी येऊन इचारला, देवी कुठं हाय? बोल्ला, आये, मोठा देऊल बांधतोय ना तिला, जरा दम धर. मी बोल्ले, बांधशील तवा बांध, आज कुठं हाय ती? तो फोन कानाला लावून उठून गेला. ज्याला पाठीशी बांधून मी मीठ वाहिला तो पोटचा पोऱ्या माझा.

संध्याकाली डोंबिवलीचे, ठाण्याचे पुढारी खुर्च्यांवर, नात पाटावर. मी धवला धरला. देवाला बोलवायचा तर त्याच्या ठिकानाचा नाव घेऊनच बोलवायचा, डोंगरावरचा, खाडीवरचा, घरातला, एकेकाला बोलवला. गावदेवीजवल आले नि थांबले. पोऱ्याकडं बघितला नि माईकवरच बोल्ले, ठिकान सांग रे, कुठं बोलवू तिला? नात मान खाली घालून रडाय लागली, मना कीव आली तिची, पन धवला अर्धा टाकून हल्द लागत नाय.

तवा पोऱ्या जवल येऊन वाकला, हलूच बोल्ला, आये, साईटच्या गोदामान हाय, सिमेंटच्या गोनींमागं.

मी बोल्ले, डोक्यावर घेऊन ये.

गेला बाय. कडक सफेद कपड्यान, डोक्यावर देवी, सगल्या पुढाऱ्यांसमोरनं चालत आला. मंगच हल्द लागली.

आथा देवी हितं, माझ्या खोलीन, खाटेजवल. देऊल काय अजून उभा नाय. परवा शेजारच्या हल्दीला गायले, देवीचा ठिकान आला नि बांधाचा नाव तोंडातनं निघंना. बोल्ले, माझ्या खोलीतली माये, ये. पोऱ्या पयल्या खुर्चीवर बसलेला, खाली बघत व्हता. देव त्याचा बरा करो, माझाच हाय तो.